वास लिहून पाठव

८ नोव्हेंबर

प्रिय ताई,

ताप उतरला. तू प्रत्येक पत्रात तेच विचारतेस म्हणून आधी तेच सांगून टाकतो. जेवतो-खातो, दवाखाना पुन्हा उघडलाय, आणि काल एका धिप्पाड गृहस्थाची अक्कलदाढ काढताना त्याच्यापेक्षा मीच जास्त कण्हलो.

पण ताई, माझं नाक गेलं. म्हणजे जागेवर आहे, तू लहानपणी ज्याच्यावरून मला नकट्या म्हणायला लागलीस तेच ते. पण त्याला काही कळत नाही. परवा मदतनीस बाईंच्या हातून लवंग तेलाची बाटली फुटली. त्या तोंडावर रुमाल धरून खिडक्या उघडत सुटल्या आणि मी आपला शांतपणे विचारतोय, "काय झालं हो, उकडतंय का?" त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. डॉक्टर म्हणतात, तापानंतर होतं असं. परत येईलही, नाही येणारही. वाट बघा.

दातांच्या डॉक्टरला नाक नसलं तर उलट बरंच. अडचण आहे ती मंडळाची. तू ज्याला बूच-मंडळ म्हणून नाकं मुरडतेस तेच. तिथे मी काय करतो हे तुला नीट कधी सांगितलंच नाही, कारण तू ऐकण्याआधीच हसतेस. तर ऐक. महिन्यातून एकदा आम्ही ग्रंथालयाच्या माडीवर जमतो. प्रत्येक जण घरून वाइनची एक बाटली आणतो. आमच्या अध्यक्ष म्हणजे निवृत्त हेडमास्तरीणबाई. त्यांनी लोकरीचे लांब मोजे विणलेत, ते बाटलीला गळ्यापर्यंत चढवतात, म्हणजे नाव-गाव काही दिसत नाही. मग मी पेल्यात थोडी ओततो, वास घेतो, एक घोट घेतो आणि आत काय काय आहे ते सांगतो. माझ्या सांगण्यावर लोक बोली लावतात. ज्याची बोली मोठी त्याची बाटली, आणि मोजा काढायचा तो घरी गेल्यावर. सगळे पैसे सोबतघराला.

सोबतघर मोठ्या रुग्णालयाच्या समोर आहे. ज्यांचं माणूस आत आहे आणि जे लांबून आलेत, त्यांना तिथे पलंग, गरम पाणी, चहापुरती शेगडी मिळते. घरमालकाला आता ते विकायचंय. थंडी संपेपर्यंत थांबतो म्हणाला. तोवर आम्ही घेतलं तर घेतलं, नाहीतर ती माणसं पुन्हा रुग्णालयाच्या जिन्यात झोपणार. बाकी मंडळाला कुणी विचारत नाही, ताई. लोक येतात ते माझं बोलणं ऐकायला. हे मी नाक वर करून सांगत नाही, खरंच तसं आहे.

गेल्या बैठकीत मी पेला नाकाशी नेला आणि काही नाही. पाण्याचा पेला असावा तसं. समोर सगळे वाट बघत बसलेले. मी डोळे मिटले आणि खोटं बोललो. बाबांच्या छापखान्याबद्दल बोललो, शाईबद्दल, ओल्या कागदांच्या गठ्ठ्याबद्दल. अशी बोली त्या माडीवर आजवर लागली नव्हती.

आता पुढच्या वेळी काय सांगू? वास गेला की वासांच्या आठवणीही हळूहळू पुसतात, हे मला माहीत नव्हतं. छापखाना दिसतो, पण नुसताच दिसतो. तुझं नाक आईचं आहे. तू जिन्यात उभी राहून सांगायचीस कुणाकडे काय शिजलंय आणि कुणाकडे काय करपलंय. मला वास लिहून पाठव. तुला फोनवर ऐकू येत नाही, मला वास येत नाही, दोघं मिळून एक धड माणूस होऊ.

दाजींना नमस्कार.

तुझा
नकट्या


१९ नोव्हेंबर

चि. नकट्यास,

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग जरा रडले, मग परत हसले. अख्ख्या घरात सगळ्यात चपटं नाक तुझं, आणि लोकांनी त्याच्यावरच इमारत उभी केली!

खोटं बोलू नकोस असं सांगायला हवं. मोठी बहीण आहे, सांगितलं. आता वास घे.

छापखान्याच्या मागच्या आपल्या खोल्या. सकाळी बाबा यंत्राला घासलेट लावून पुसायचे तो वास आधी यायचा, मग शाईचा. शाई थंडीत वेगळी यायची आणि उन्हाळ्यात वेगळी. थंडीत जड, जमिनीलगत. तू पलंगाखाली लपायचास म्हणून तुझ्या केसांना तीच यायची. कागदाची नवी रिमं उघडली की आधी काहीच नाही, आणि मग एकदम, कापलेल्या लाकडाच्या आत कुणीतरी दूध सांडल्यासारखं. आई न्हाऊन आली की खिडकीत केस सोडून बसायची. त्या केसांत साबण थोडा आणि ऊन जास्त. तिच्या पाठीला नाक लावून मी झोपायचे, तू तिच्या मांडीवर. तुला आठवणार नाही, तू फारच लहान होतास. बाबांच्या खिशातल्या पेन्सिलींचा वास तरी आठवतो का? त्यांना टोक काढलं की सालींचा ढीग पडायचा आणि तू त्या खायचास.

आता यातलं काय द्राक्षांत सापडतं ते तुझं तू बघ.

मी पडदे शिवते आहे, सवडीने. तुझ्या दाजींना जरा खोकला आहे. त्यांनी तुझं पत्र वाचलं आणि बराच वेळ हसत होते. म्हणाले, "त्याला सांग, लाकडाच्या पॉलिशवाल्यालाही नाक असतं."

सांभाळून राहा. गळ्याला मफलर गुंडाळ.

ताई


६ डिसेंबर

प्रिय ताई,

काय सांगू तुला! "कापलेल्या लाकडाच्या आत सांडलेलं दूध" म्हटलं आणि माडीवर कुणी खुर्चीसुद्धा हलवली नाही. मग आईचे केस सांगितले. आई म्हटलं नाही, "न्हाऊन उन्हात बसलेली बाई" म्हटलं. गाड्या विकणारा आमचा एक सभासद आहे, आवाज मोठा, अंगठ्या चार. त्याने ती बाटली अशा किमतीला घेतली की हेडमास्तरीणबाईंना ती मोजा काढून द्यावी की कडेवर घेऊन द्यावी हेच कळेना. पेन्सिलीच्या साली सांगितल्या तेव्हा मी त्या खायचो हे मात्र वगळलं.

तू गंमत बघ. मी बोलत असताना मला काही येत नाही, पण समोरच्यांना येतो. त्यांची नाकपुडी हलते. दिवा घेऊन अंधाऱ्या घरातून लोकांना फिरवायचं आणि आपल्याला मात्र भिंती दिसायच्या नाहीत, असं काहीतरी वाटत राहतं. घरी आल्यावर उशाशी तुझं पत्र ठेवतो आणि वास घेतो. कागदाचाही येत नाही.

आणखी पाठव. आणि हो, तू पेन्सिलीने का लिहितेस? आणि हा चौकटीचा कागद कुठला? इतकी काटकसर कधीपासून? पडद्यांचा धंदा बसला असेल तर सांग, मी दवाखान्याला शिवून घेतो.

तुझा
नकट्या


२८ डिसेंबर

चि. नकट्यास,

मांडीवर ठेवून लिहिते म्हणून पेन्सिल. शाईचं पेन आडवं चालत नाही. धंदा उत्तम आहे, तुझ्या दवाखान्याला पडदे शिवायचे तर आधी तिथली धूळ झाडून ठेव.

या खेपेचे वास माझे नाहीत, तुझ्या दाजींचे आहेत. ते सध्या आराम करताहेत, तर त्यांना म्हटलं, तुम्ही सांगा, मी लिहिते. सकाळी उन्हं आली की सांगायला लागतात. हळू बोलतात, मला नीट ऐकू येत नाही, मग मी कान अगदी त्यांच्या तोंडाशी नेते आणि ते चिडवतात, लग्न झाल्यापासून इतकी जवळ कधी बसली नव्हतीस.

म्हणाले, लिही. लाखेचे कण स्पिरिटमध्ये घातले की रात्रभर काही होत नाही. सकाळी बरणी उघडली की स्पिरिटचा नुसता सपकारा, आणि त्याच्या मागे, दार लोटून यावं तसा, मधासारखा, पण गोड नसलेला वास. सागाला हात लावला की तळहात तेलकट होतो आणि त्याला चामड्याची चव येते. चव म्हणाले, मी वासच सांगा म्हटलं, तर म्हणाले, "लाकडाच्या बाबतीत दोन्ही एकच." जुनं टेबल घासताना त्यावर कधी काळी सांडलेलं सगळं परत येतं. चहा, औषध, मेणबत्ती, कुणाच्या तरी कोपराचा घाम. एकदा एका कपाटाच्या खणातून संत्र्याचा वास आला, आणि खण तर मोकळा होता. बाई म्हणाल्या, त्यांची मुलगी त्यात संत्री लपवायची. मुलगी आता आजी झाली होती.

हे सांगून झालं आणि ते झोपले. चेहरा अगदी निवांत.

तुला एक विचारायचं होतं. तुमच्या सोबतघरात आंघोळीला पाणी खरंच गरम असतं का? चादरी रोज बदलतात? खोल्यांना पडदे आहेत का? आणि समज एखाद्या बाईला पहाटेच कुणी बोलावलं, तर रुग्णालयाचं दार तिथून किती लांब?

ताई


१४ जानेवारी

प्रिय ताई,

पडदेवालीला पडद्याशिवाय काही सुचत नाही! नाहीत गं पडदे. खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवली आहेत. पाणी गरम असतं, चादरी रोज बदलतात, आणि दार रस्ता ओलांडला की समोर. आधी घर तर आपलं होऊ दे, मग शीव हवे तितके.

दाजींचा संत्र्याचा खण! मी तो सांगितला आणि मागच्या रांगेतल्या एक आजी उठून बाहेरच गेल्या. परत आल्या तेव्हा डोळे लाल. बाटली त्यांनीच घेतली. दाजींना सांग, दाताची काही तक्रार असेल तर जन्मभर फुकट.

पण ताई, मला भीती वाटायला लागली आहे. मागल्या बैठकीत मंडळातल्या एका बागेवाल्या काकांनी आणलेली बाटली, मला वाटतं, आंबून गेली होती. मी आपला घोट घेतला आणि मधाबद्दल बोलत सुटलो. लोक एकमेकांकडे बघायला लागले. हेडमास्तरीणबाई खोकल्या. तरी बोली लागली, कुणी काही बोललं नाही. पण उद्या एक जण उठून म्हणाला की ह्या माणसाला काही कळत नाही, तर संपलं. पुन्हा कोण येणार माझं ऐकायला? आणि सोबतघरात आत्ता ज्यांचे पलंग आहेत त्यांना मी काय सांगू? मोठी बैठक फेब्रुवारीत. ती शेवटची, तिच्यानंतर मालक थांबणार नाही. या वेळी सोबतघरात राहून गेलेल्या काही जणांनाही बोलावलंय.

लहानपण आता पुरे झालं असं वाटतं. लोकांना सवय होते. मला काहीतरी आत्ताचं हवं. तू आत्ता जिथे बसली आहेस, सकाळी, तिथे जे काही येतं ते लिही. सजवू नकोस. जसं आहे तसं.

दाजींचा खोकला गेला का? तू त्याबद्दल काहीच लिहीत नाहीस.

तुझा
नकट्या


२ फेब्रुवारी

चि. नकट्यास,

जसं आहे तसं.

आधी ओली फरशी. नुकतीच पुसलेली, अजून वाळायची आहे. तिच्यावरून कुणीतरी रबरी तळाच्या चपला घालून गेलं. उकळून उकळून पांढऱ्या झालेल्या कापडाचा वास, त्याला कुणाचाच वास नाही. कपात उरलेला कालचा चहा. कुणीतरी संत्रं सोललं आणि खाल्लं नाही. खिडकी बोटभर उघडी आहे, तिच्यातून ओल्या पानांची एक बारीकशी रेघ आत येते आणि अर्ध्या वाटेत विरते. माझ्या तळहातांना लोखंडाचा वास येतोय, बराच वेळ गज धरून बसले असेन. माझ्याच केसांना, न धुतलेल्या. आणि या सगळ्याच्या खाली ऊबदार उशी. खूप वेळ झोपलेल्या माणसाच्या मानेखालची. तो वास अजून आहे तोवर सगळं ठीक आहे असं मी धरून चालते.

खोकला तसाच आहे.

ताई


१७ फेब्रुवारी

ताई,

हे पत्र तुला मिळेल तेव्हा मी बहुधा तुझ्यासमोर उभा असेन. तरीही लिहितो, कारण तुझ्यासमोर उभा राहिलो की मला यातलं एक अक्षर बोलता येणार नाही, आणि बोललो तरी तुला ऐकू जायचं नाही.

माडी खच्चून भरली होती. तुझं पत्र मी सगळ्यात शेवटच्या बाटलीसाठी राखून ठेवलं होतं. पाठ केलं होतं. मला वाटलं, तू घर धुतलं आहेस. मला वाटलं, गज म्हणजे गॅलरीचा. संत्रं वाचून तर हसलोच, म्हटलं दाजींच्या खणातलं अजून पुरवून खाताहेत.

मी पेला उचलला, डोळे मिटले आणि तू लिहिलंस तसं सगळं सांगितलं. ओली फरशी, चपला, पांढरं कापड, चहा. उशीपर्यंत आलो आणि थांबलो. बोली लागेना. डोळे उघडले तर निम्मी माडी खाली मान घालून बसलेली. आमचे सभासद गोंधळलेले. पण सोबतघरातून आलेली जी माणसं होती, ती सगळी, एकूण एक, माझ्याकडे बघत होती.

मग पोपटी स्वेटर घातलेली एक बाई उठली. तिचा नवरा मागल्या वर्षी बराच काळ आत होता. ती पुढे आली, अगदी माझ्याजवळ, आणि हलकेच विचारलं, "डॉक्टर, कोण आहे तिथे?"

मी म्हटलं, "कुठे?"

"पलंगाशेजारच्या खुर्चीत. ही वाइन नाही हो. ही ती खुर्ची आहे. मी बसलेय त्या खुर्चीत. तुमचं कोण आहे तिथे?"

ताई, पेन्सिल. चौकटीचा कागद. गरम पाणी असतं का. पहाटेच कुणी बोलावलं तर. सगळं माझ्या हातात होतं आणि मी त्याची बाटली करून विकत होतो. मला नाक नाही हे खरं, पण डोळे तर होते!

मी पेला खाली ठेवला आणि सगळ्यांना सांगून टाकलं. नोव्हेंबरपासून मला काही येत नाही. हे सगळे वास माझ्या बहिणीने लिहून पाठवले. आणि ती आता एका रुग्णालयात बसली आहे आणि मला ते आत्ता कळतंय.

गाडीवाला ताडकन उठला. "म्हणजे मी आजवर कशाला पैसे मोजले?" त्याचं चुकलं नाही. आणखी दोघे उठून निघून गेले. हेडमास्तरीणबाई तेवढ्या जागच्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, "मधाच्या वेळची बाटली मी चाखली होती, डॉक्टर. इतकी आंबलेली की माझ्या डोळ्यांत पाणी आलं."

"मग बोलला का नाहीत?"

"बाटली विकली गेली होती," म्हणाल्या. आणि त्या मोज्यातल्या बाटलीवर हात ठेवून बसून राहिल्या.

सोबतघराचं काय होईल मला माहीत नाही. बहुतेक गेलं. आत्ता मला त्याचा विचारही करवत नाही. तू मला सांगितलं का नाहीस? इतके महिने तू मला शाई आणि केस आणि पेन्सिलींच्या साली लिहीत होतीस, त्या खुर्चीत बसून?

सकाळची गाडी पकडतो आहे.

तुझा
भाऊ


११ मार्च

प्रिय ताई,

पोचलो सुखरूप. तू बांधून दिलेला डबा वाटेत संपवला. वास नाही, चव नाही, पण तू केलेलं म्हणून शेवटच्या घासापर्यंत खाल्लं.

दाजींचं दिवसकार्य उरकल्यावर तू दारात उभी होतीस, मला जा म्हणालीस, आणि मी निघालो. निघायला नको होतं का? अजून तेच मनात आहे.

आधी मंडळाचं. गाडीवाला दवाखान्यात आला. मला वाटलं पैसे मागायला, मी पाकीट काढून टेबलावर ठेवलं होतं. तो खुर्चीत बसला, आ केला, म्हणाला, दाढ दुखते. दाढ बघून झाल्यावर म्हणाला, "डॉक्टर, मी एकही उघडली नाही. सगळ्या कपाटात आहेत, मोज्यांसकट. ती न्हाऊन उन्हात बसलेली बाई, ती मी कशी उघडू?" मग बराच वेळ तोंड धूत राहिला. घरमालकाला भेटायला हेडमास्तरीणबाईंच्या बरोबर तोच गेला. सगळं घर नाही मिळालं, ताई. खालचा मजला तेवढा आपला झाला. वरच्या मजल्यावर मालकाचा पुतण्या राहायला येणार. पण खालचे पलंग राहिले, दार रस्त्याकडे उघडतं, आणि पाणी गरम आहे.

आता दुसरं. तू मला इतके वास दिलेस, तर मी तुला एक ऐकू आलेली गोष्ट देणं लागतो. तू खिडकीशी, आमच्याकडे पाठ करून उभी होतीस त्या दुपारची. दाजींनी मला खूण करून जवळ बोलावलं. चमच्यात पाणी होतं. म्हणाले, "हे काय आहे ते सांग की. तुझ्या पद्धतीने."

मी म्हटलं, "मोजा चढवलाय, दाजी. नाव दिसत नाही."

ते हसले. मग मी घोट घेतला आणि डोळे मिटून सांगितलं. आपल्या छापखान्याबाहेरचा नळ, दगडी पायरी, सकाळ, आणि ओल्या वेण्या घेऊन शाळेला पळणारी एक मुलगी, तिच्या बोटांना शाई. ते म्हणाले, "तीच."

मग म्हणाले, "लग्नानंतर पहिल्यांदा माझ्या कारखान्यात आली तेव्हा हिने असं नाक मुरडलं! स्पिरिटला. मी म्हटलं, होईल सवय. पुढे झाली की नाही ते विचारायचं राहूनच गेलं. ही खोटं बोलली असती माझ्या तोंडावर. तू विचार." आणि मग तू वळलीस.

तर मी विचारतो आहे. झाली का सवय?

आणि एक मागणं. खालचा मजला उघडायचा त्या दिवशी एक शेवटची बाटली ठेवली आहे. विकायची नाही, सगळ्यांनी मिळून घोट घोट घ्यायची. सगळे म्हणतात, मीच बोलायचं, नाक असो वा नसो. मला त्या दिवशी दाजी सांगायचे आहेत. त्यांचा वास लिहून पाठव. फक्त तेवढा एक.

तुझा
नकट्या


२६ मार्च

चि. नकट्यास,

शाईचं पेन घेतलं आहे. टेबलाशी बसून लिहिते आहे, घरी.

आधी तू विचारलेलं. तुला सांगितलं का नाही? तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा आम्हाला आत जाऊन आठवडा झाला होता. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. बोलत नव्हते, जेवत नव्हते. तुझं पत्र वाचून दाखवलं आणि ते हसले. तुझं दुसरं पत्र आल्यावर मी म्हटलं, आता तुम्ही सांगा, तर म्हणाले, "लिही, लाखेचं लिही." त्या दिवसापासून रोज सकाळी त्यांच्याकडे काहीतरी असायचं. तुला कळलं असतं तर तू काय केलं असतंस? धावत आला असतास, फळं आणली असतीस, आणि वास मागायचं सोडलं असतंस. मला तू मागत राहायला हवा होतास. म्हणून लपवलं. तू विकलंस म्हणून मनाला लावून घेऊ नकोस. संत्र्याच्या खणाला गिऱ्हाईक मिळालं हे ऐकून ते दिवसभर नर्सबाईंना सांगत होते.

आमच्या इथल्या रुग्णालयासमोर सोबतघर नाही. औषधांचं दुकान आहे आणि एक भिंत. मी तिथे बसून तुमच्या त्या घराचा विचार करायचे, तुमच्या पलंगांचा आणि गरम पाण्याचा, आणि मला वाटायचं, मी तिथे जाऊन पाय पसरून आले. वरचा मजला गेला तर गेला. खालच्या खिडक्यांची मापं पाठव, उंची आणि रुंदी दोन्ही, आणि अंदाजाने लिहू नकोस, टेप लावून घे. वर्तमानपत्रं काढून टाक. पडदे मी स्वतः घेऊन येते, उघडायच्या दिवसाआधी.

चमच्यातलं पाणी तू लिहिलंस ते मी रोज वाचते. मला वाटलं होतं, त्या दुपारी तुम्ही दोघं माझी टिंगल करत होतात.

सवय झाली का, विचारलंस. नाही झाली. सवय झाली की वास येईनासा होतो, तुला आता हे माझ्यापेक्षा जास्त कळतं. मला तो रोज आला. संध्याकाळी ते जिन्यात असायचे, मला पावलं ऐकू यायची नाहीत, पण स्पिरिट आधी वर यायचं आणि मी उठून दार उघडायचे. त्यांना वाटायचं, हिला ऐकू येतं आणि ही सोंग करते. मी तसंच वाटू दिलं.

त्यांचा कामाचा कोट दाराच्या मागे आहे, खुंटीवर. काल मी त्यात तोंड घालून उभी राहिले. काय काय आहे ते सगळं मला वेगवेगळं सांगता येईल, ओळीने, तुझ्या माडीवरचा एकही माणूस जागचा हलणार नाही इतकं.

पण नकट्या, तू त्या दिवशी पाण्याबद्दल बोल. नळ, पायरी, ओल्या वेण्या, तेच बोल. मी पहिल्या रांगेत बसेन, मला ऐकू येणार नाही, तरी बोल. हा कोट मी तुला लिहिणार नाही. बाकीचे सगळे तुझे. हा एक माझा.

ताई